पत्रिका जुळत नाही

लग्न जमवणं हा माझा प्रांत नव्हे. माझं स्वतःचं जमलं तेही सौ.च्या मामांच्या चिकाटीमुळे. तरीसुद्धा २०२५ च्या गणपतीत एका सोळा वर्षांच्या लॅपटॉपची लिनक्सशी गाठ घालून देण्याची जबाबदारी माझ्या अंगावर आली आणि मी बी.कॉम. असल्यामुळे ती घेतली. बी.कॉम. झालेल्या माणसाला एखादं काम आपल्याला येणार नाही असं कधी वाटत नाही. कारण आपल्याला नेमकं काय येतं, हेही त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

लॅपटॉप बाबांचा. बाबा पश्चिम रेल्वेत विजेच्या इंजिनावर आधी असिस्टंट आणि मग ड्रायव्हर होते. हल्ली त्या हुद्द्याला लोको पायलट म्हणतात. बाबांच्या मते, नाव बदललं म्हणून सिग्नल काही लवकर पडत नाही. निवृत्तीनंतर, २००९ साली, त्यांनी हा दहा इंची लॅपटॉप घेतला. तेव्हा अशा लहानखुऱ्या यंत्रांना नेटबुक म्हणायचे. त्यावर ते सोळा वर्षं रोज सकाळी, पूजेनंतर आणि नाश्त्याआधी, आपल्या नोकरीच्या आठवणी उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप करत आले आहेत. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी. ‘विरार’ हा शब्द त्यांनी आजवर चार प्रकारांनी लिहिला आहे आणि चारही प्रकारांना त्यांच्याकडे कारणं आहेत.

यंत्रात विंडोज एक्स.पी. होतं. त्याची देखभाल कंपनीने २०१४ च्या एप्रिलमध्येच थांबवली होती, पण ही बातमी बाबांनी यंत्राला कळू दिली नव्हती. पुढे एकेक वेबसाइट दार लावून घेऊ लागली. शेवटी पेन्शनची स्लिप उघडेना, तेव्हा प्रकरण घरच्या बैठकीपुढे आलं. मी म्हटलं, नवा घेऊ. बाबा म्हणाले, “चालतं इंजिन कुणी भंगारात काढत नाही.” सौ. म्हणाली, भंगारवाला दारावर येतोच आहे. तेवढ्यात आय.टी. शिकणारी आमची कन्या म्हणाली, “पप्पा, लिनक्स टाकू या. फुकट असतं.” या शेवटच्या शब्दावर बैठक संपली.

शनिवारी मी बाबांचं आठवणींचं फोल्डर माझ्या काळ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं. बँकेत वीस वर्षं काढलेला माणूस दुय्यम प्रत काढल्याशिवाय मूळ कागदाला हात लावत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते माझ्याविरुद्धच वापरायचं आहे.

रविवारी, मोदकांनंतर, मुहूर्त. कन्येने डेबियन नावाच्या लिनक्सची नुकतीच, ऑगस्टमध्येच निघालेली तेरावी आवृत्ती आणली होती. पेन ड्राइव्ह लावला, बटण दाबलं, पडदा काळा झाला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर उमटला. त्याचा मराठीत अर्थ असा: या कर्नलला एक्स ८६–६४ जातीचा प्रोसेसर लागतो, परंतु येथे फक्त आय ६८६ आढळला, कृपया आपल्या प्रोसेसरला साजेसं कर्नल वापरावं.

बाबांना तो ‘फक्त’ लागला. ते काही बोलले नाहीत, पण उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

आपल्याकडे छत्तीसपैकी अठरा गुण जमले तरी मांडव घालतात. इथे मुलाकडे बत्तीस होते आणि मुलीची बाजू चौसष्टवर अडून बसली होती! हे बत्तीस आणि चौसष्ट म्हणजे काय, ते मी बँकेच्या भाषेत समजून घेतलं. प्रत्येक प्रोसेसरला काही ठरावीक हुकूमच कळतात. हे मिळव, ते उचल, तिकडे ठेव. लिनक्सचं कर्नल म्हणजे अशा हुकमांची भलीमोठी वही, आणि ती एकेका जातीच्या प्रोसेसरसाठी वेगवेगळी बांधावी लागते. आमच्या वसईत नाही का, कादोडी बोलणारं घर आणि वाडवळी बोलणारं घर एकाच वाटेवर असतं, दोन्ही मराठीचीच रूपं, पण एका घरातलं भांडण दुसऱ्या घरात तसंच्या तसं नेता येत नाही, तसंच हे. आणि बिट म्हणजे लेजरमधल्या रकान्याची रुंदी. बत्तीस बिटांच्या रकान्यात ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ एवढ्याच घरांचे पत्ते मावतात. म्हणजे स्मरणशक्ती साधारण चार जी.बी.पर्यंत. चौसष्ट बिटांसाठी छापलेली वही बत्तिसाच्या कपाटात शिरतच नाही. उलट, चौसष्टाच्या कपाटात बत्तिसाची वही आरामात राहते. हे शेवटचं वाक्य मला कन्येने तीनदा सांगितलं.

या भानगडीला इतिहास आहे, आणि तो मला बाबांच्या ‘फक्त’मुळे वाचावा लागला. इंटेल कंपनीने १९७८ मध्ये ८०८६ नावाचा सोळा बिटांचा प्रोसेसर काढला. त्याच घराण्यात १९८५ साली ८०३८६ जन्मला, तो बत्तीस बिटांचा. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या विद्यापीठातल्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने असाच एक ३८६ घेतला आणि त्याच्यापुरतं कर्नल लिहायला बसला. हे दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेता येण्यासारखं नाही, असं त्याने तेव्हा स्वतःच जाहीर केलं होतं. आज जगातले पहिले पाचशे महासंगणक लिनक्सवर चालतात, खिशातले अँड्रॉइड फोन त्याच कर्नलवर चालतात, आणि मूळच्या ३८६ वर मात्र ते चालत नाही! २०१३ साली आलेल्या ३.८ या आवृत्तीपासून ३८६ ला वगळण्यात आलं. म्हणजे ज्या यंत्रावर लिनक्स जन्मलं, त्याच यंत्रावर आजचं लिनक्स उठणार नाही. टोरव्हाल्ड्सला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही म्हणतात. हे मी बाबांना सांगितलं नाही.

आता माझी पहिली घोडचूक. डेबियनच्या फायलीच्या नावात ‘एएमडी ६४’ असं होतं आणि लॅपटॉपवर चिकटपट्टी इंटेलची. एएमडी ही इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी, एवढं मलाही ठाऊक. मी टेबलावर मूठ आपटली. अगं, दुसऱ्या बँकेचा चेक आपल्या काउंटरवर आणल्यावर काय होणार! कन्या काही बोलायच्या आत मी यादीतून एएमडी नसलेलं, पण चौसष्ट असलेलं एक नाव निवडलं: ‘आर्म ६४’. ते उतरवायला दीड तास गेला. लावलं. काहीच झालं नाही. संदेश नाही, काळा पडदा नाही. लॅपटॉपने पेन ड्राइव्हकडे बघितलंसुद्धा नाही आणि सरळ एक्स.पी. सुरू केलं. आधीच्या स्थळाने निदान नकार तरी कळवला होता. याने पत्राचं उत्तरच दिलं नाही.

आर्म ही मुळात वेगळ्या घराण्याची जात. फोनमध्ये असते, रास्पबेरी पाय नावाच्या पत्त्याएवढ्या संगणकात असते आणि २०२० पासून अ‍ॅपलच्या लॅपटॉपांतही आली. आणि ‘एएमडी ६४’ची कथा अशी, की एकविसाव्या शतकाच्या तोंडावर चौसष्ट बिटांकडे जायचं सगळ्यांनीच ठरवलं होतं. इंटेलने एच.पी.च्या मदतीने घर पाडून नवं बांधलं. २००१ मध्ये आलेल्या त्या प्रोसेसरचं नाव इटॅनियम. हुकूम सगळे नवे. जुने कार्यक्रम त्याच्यावर कसेबसे, दुभाष्या लावून, रखडत चालायचे. एएमडीने जुन्याच घरावर मजला चढवला. २००३ साली आलेला त्यांचा प्रोसेसर चौसष्टही बोलायचा आणि बत्तीसही. लोकांना मजला आवडला. पुढच्याच वर्षी खुद्द इंटेलने तीच रचना उचलली. म्हणून प्रोसेसर इंटेलचा असला तरी फायलीवर नाव एएमडीचं. इटॅनियम मात्र २०२१ पर्यंत रखडत विकला गेला, आणि २०२४ च्या सुरुवातीला लिनक्सनेही त्याला वगळलं.

हे मी जेवताना मोठ्याने वाचून दाखवत होतो. बाबांनी आमटीची वाटी खाली ठेवली.

“म्हणजे डब्ल्यू.सी.ए.एम.-वन,” ते म्हणाले.

गेल्या चार दिवसांतलं हे त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य होतं.

इथे विरारबद्दल सांगायला हवं. विरार म्हटलं की लोकांना ‘विरार फास्ट’ आठवते, आणि त्या गाडीत चुकून चढलेला बोरिवलीचा माणूस आठवतो. तोही एक विसंगत जातीचा कार्यक्रमच. गाडी त्याला आत घेते, पण बोरिवलीला बाहेर पडू देत नाही. मात्र विरारचं खरं ऐतिहासिक महत्त्व वेगळंच आहे. इथे दोन विजा भेटायच्या.

मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला गेली. वीज होती १५०० व्होल्ट डी.सी. पश्चिमेकडे बी.बी.सी.आय. रेल्वेने १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत तीच वीज आणली. डी.सी.ला थोड्याथोड्या अंतरावर सबस्टेशन लागतं, तार जाड लागते. पुढे १९५७ मध्ये भारतीय रेल्वेने फ्रेंचांचं पाहून ठरवलं, की यापुढे सगळीकडे २५,००० व्होल्ट ए.सी. सबस्टेशनं कमी, तार बारीक, खर्च आटोक्यात. निर्णय उत्तम होता. त्यामुळे सत्तरच्या दशकात विरारपासून गुजरातकडे जी तार टाकली, ती ए.सी.ची. आणि विरारच्या अलीकडची, चर्चगेटपर्यंतची, जुनीच.

म्हणजे गाव एक, रूळ तेच, डोक्यावरची तारही दिसायला तशीच, आणि मध्ये थोडीशी मुकी तार, जिच्यात वीजच नाही. तिच्या दक्षिणेला एक राज्य, उत्तरेला दुसरं. डी.सी.ची लोकल विरारला यायची आणि तिथेच जिरायची. पुढे सफाळे होतं, पालघर होतं, डहाणू होतं, रूळ होते, माणसंही होती. लोकल जात नव्हती. पलीकडून येणारी बहुतेक मंडळी विरारला उतरून लोकलमध्ये कोंबून घ्यायची. लांबच्या गाड्यांचं इंजिन प्रत्येक वेळी बदलत बसणं परवडणारं नव्हतं, म्हणून चित्तरंजनच्या कारखान्यात दोन्ही विजांवर चालणारं इंजिन बनवलं. त्याचंच नाव डब्ल्यू.सी.ए.एम.-१. रेल्वेचे लोक नावातच पत्रिका मांडतात: डब्ल्यू म्हणजे रुंद मार्ग, सी म्हणजे डी.सी., ए म्हणजे ए.सी., एम म्हणजे माल आणि प्रवासी दोन्ही.

“विरार यायच्या आधी हात बंद करायचा,” बाबा सांगत होते. आमटी निवत होती आणि सौ.ने पहिल्यांदाच ती गरम करायला उचलली नाही. “गाडी आपल्या वेगात घरंगळते. मुकी तार. तेवढ्या वेळात इकडचं तिकडे करायचं. मागे हजार माणसं झोपलेली असतात, कुणाला पत्ता नाही. पण वर कुठली तार आहे ते आधी बघायचं, आणि मगच पॅन्टो वर करायचा. आधी पॅन्टो वर करून मग वर बघणारा माणूस पेन्शनपर्यंत पोचत नाही.” एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही त्या डब्याचं नाव तरी वाचलंत का?”

वाचलं नव्हतं. तीन पदवीधरांच्या घरात (कन्येचं शेवटचं वर्ष धरून) प्रोसेसरचं नाव कुणीही वाचलेलं नव्हतं. एक्स.पी.मध्ये ‘माय कम्प्युटर’वर उजवं बटण दाबलं की ते समोर येतं. आलं: इंटेल अ‍ॅटम एन २७०. हा २००८ चा, स्वस्त नेटबुकांसाठी काढलेला, वीज कमी खाणारा आणि निव्वळ बत्तीस बिटांचा. चौसष्ट बिटं येऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. पण स्वस्ताईत मजला चढवलेला नव्हता.

मात्र नाव आणि आतला माल, दोन्ही बघावं लागतं. आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याच्या घरच्या संगणकावर ‘३२ बिट सिस्टिम’ असं लिहून येई, म्हणून तो ते यंत्र विकायला निघाला होता. प्रत्यक्षात प्रोसेसर चौसष्टाचा होता. दुकानदाराने आत विंडोज तेवढं बत्तिसाचं घातलं होतं. लिनक्समध्येसुद्धा ‘युनेम’ हा हुकूम बसवलेलं कर्नल कुठल्या जातीचं ते सांगतो, प्रोसेसरची जात नव्हे. त्यासाठी ‘एलएससीपीयू’ हा हुकूम द्यायचा. किंवा प्रोसेसरच्या गुणांच्या लांबलचक यादीत ‘एलएम’ ही दोन अक्षरं शोधायची. ती असतील तर चौसष्ट, नसतील तर बत्तीस. सहकाऱ्याने ती दोन अक्षरं सापडल्यावर शाखेत पेढे वाटले.

हा त्रास थोरामोठ्यांनाही चुकलेला नाही. अमेरिकेने महासंगणक देताना खळखळ केली, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक निघालं आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला. त्याच्या पोटात ट्रान्सप्युटर नावाचे ब्रिटिश प्रोसेसर होते. पुढे ट्रान्सप्युटरची शाखाच खुंटली. मग ‘परम’च्या पुढच्या पिढ्यांत कधी सनचे, कधी आय.बी.एम.चे, कधी इंटेलचे प्रोसेसर आले. दर वेळी यंत्र बदललं की वही नव्याने बांधायची. मी तर नुसत्या बँकांच्या विलीनीकरणात आय.एफ.एस.सी. कोड बदलल्यावर एका आजोबांना चौथ्यांदा नवं चेकबुक देताना त्यांचा चेहरा पाहिला आहे. पुण्याच्या त्या इंजिनिअरांचे चेहरे कसे झाले असतील, याची मला कल्पना आहे.

तर पुढचा शनिवार. कन्येने डेबियनची २०२३ ची बारावी आवृत्ती आणली, ‘आय ३८६’ जातीची. बत्तिसाच्या यंत्रांसाठी डेबियनने दिलेला हा शेवटचा इन्स्टॉलर; तेराव्यापासून तो बंद. या वेळी निळसर पडदा आला, भाषा विचारली, आम्ही मराठी निवडली. बाबा खुर्ची ओढून बसले. प्रश्नामागून प्रश्न सुटत गेले आणि एका ठिकाणी त्याने विचारलं, की डिस्क पूर्ण पुसून वापरू का? कन्येचं बोट बटणावर.

“माझं लिखाण काढून ठेवलंय ना?” बाबांनी विचारलं.

“म्हणजे काय!” मी म्हटलं. “गेल्या शनिवारीच. माझ्या पेन ड्राइव्हवर.”

“कुठल्या?” कन्येने वळून विचारलं.

“काळ्या.”

कन्येने बोट उचललं. मग लॅपटॉपच्या कुशीत खोचलेल्या पेन ड्राइव्हकडे पाहिलं. तो काळा होता.

पेन ड्राइव्हवर लिनक्स लिहिताना आधीचं सगळं पुसलं जातं. तशी सूचना येते. गेल्या रविवारी ती आली होती आणि ‘होय’ मी दाबलं होतं. बँकेत दिवसाला दोनशे ‘होय’ दाबणारं बोट होतं ते. म्हणजे आठवडाभर बाबांच्या सोळा वर्षांची एकुलती एक प्रत त्या लॅपटॉपच्या आतच होती. आणि पहिल्या रविवारी पत्रिका जुळली असती, तर आम्ही तिघांनी मोदकाच्या सुस्तीत हसतहसत डिस्क पुसली असती. त्या दिवशी हा प्रश्न विचारायला बाबा जागेवरही नसते. नवं यंत्र बघायला म्हणून त्यांना आम्ही झोपेतून उठवणार होतो.

त्या ‘फक्त आय ६८६’ने आमचं घर वाचवलं होतं. मला तो संदेश पुन्हा एकदा वाचावासा वाटला, पण तो आता पुसला गेला होता.

कुणी काही बोललं नाही. कन्येने यंत्र बंद केलं, पुन्हा एक्स.पी. सुरू केलं आणि फोल्डर तीन ठिकाणी उतरवलं: नव्या पेन ड्राइव्हवर, तिच्या फोनवर आणि सौ.च्या फोनवर. माझ्याकडे कुणी प्रत दिली नाही. प्रत्येक प्रत उघडून बघितली. इंग्रजी अक्षरांतलं ते मराठी तिन्हीकडे बिनतक्रार उघडलं. चार प्रकारचं विरार जसंच्या तसं. मग पुन्हा तो निळसर पडदा, तेच प्रश्न, आणि त्या बटणावर या वेळी बाबांनी स्वतः बोट ठेवलं. आधी वर बघून.

लिनक्स बसलं. पेन्शनची स्लिप चार मिनिटांनी उघडली, पण उघडली. यूट्यूबवर गाडी बघायची म्हटलं तर फास्टची स्लो होते. बाबांची त्यालाही हरकत नाही. विरारच्या यार्डात गाडी सावकाशच नेतात, म्हणाले. २०१२ च्या फेब्रुवारीत चर्चगेटपर्यंतची सगळी तार ए.सी. झाली, पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये लोकल डहाणूपर्यंत गेली आणि दोन विजांच्या त्या इंजिनाची गरजच संपली, हेही त्यांनीच सांगितलं. त्यावर ते लिहिणार आहेत.

“आजोबा, एक सांगू?” कन्या चाचरत म्हणाली. “ही आवृत्तीपण कायमची नाही हं. अजून दोन-तीन वर्षं. मग बत्तीसवाल्यांना कुणी विचारणार नाही.”

“पुरेत,” बाबा म्हणाले. “मी आत्ताशी वसईपर्यंत आलोय. दोन वर्षांत विरार ओलांडतो.”

आणि चष्मा पुसून त्यांनी उजव्या हाताचं बोट पुढे केलं. मी मागून डोकावलो. ‘विरार’ आता पाचव्या प्रकाराने लिहिलं जात होतं.